४२ फुटांचा कठडा आणि माळवदाच्या तुळया

पत्र असं आहे:

"नमस्कार दादा. आम्ही निलंग्याला राहतो. जुनं माळवद पाडून चार वर्षांखाली दोन खोल्या बांधल्या, यंदा वर एक खोली चढवली. वरच्या खोलीच्या पुढं पोर्चवरचा १८ बाय १२ चा स्लॅब मोकळा पडलाय. पोरगा पुण्याला असतो, त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला, खाली लाकडी पट्ट्यांचा डेक अन् कडंनं काचेचं रेलिंग, म्हणतो असंच करू. ह्यांचं म्हणणं, कशाला नखरे, चार इंची वीट लावा अन् मोकळे व्हा. दुकानात विचारलं तर काचेला फुटाला १९०० सांगितले, स्टीलला ८५०, साध्या लोखंडाला किलोवर १२५ अन् डब्ल्यूपीसीच्या पट्ट्यांना चौरस फुटाला ३२०. आमच्याकडं सगळं मिळून एक लाखाच्या वर पैसे नाहीत. दोन नातवंडं आहेत, मोठा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. उन्हाळ्यात वाळवण तिथंच घालायचंय अन् रात्री झोपायचंही तिथंच. माळवदाच्या सागाच्या चार तुळया शेडात पडून आहेत, त्यांचं काही होईल का तेही सांगा."

ताई, आधी मापाचं बोलू. घराकडची १८ फुटांची बाजू सोडली तर कठडा लागतो तीन बाजूंना, १८ अन् १२ अन् १२, म्हणजे ४२ फूट, आणि फरशी २१६ चौरस फूट. पोराच्या फोटोसारखं करायचं म्हटलं तर काच ७९,८०० आणि पट्ट्या ६९,१२०, म्हणजे दीड लाखाला हजारभर कमी, आणि त्यात वॉटरप्रूफिंग धरलेलंच नाही. लाखात ते बसत नाही हे तुम्हालाही दिसायलंय, पण तुमच्याकडं दीड लाख असते तरी मी तुम्हाला ते करू नका म्हणालो असतो, आणि पोराला वाईट वाटू नये म्हणून का ते नीट सांगतो, म्हणजे हेच त्याला वाचून दाखवता येईल.

त्या फोटोतली गच्ची कुठली आहे माहीत नाही पण ती आपल्याकडच्या एप्रिलमधली नाही. आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा उघड्यावरची गडद रंगाची कुठलीही गोष्ट तव्यासारखी तापते अन् डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली पट्टी, ही तापण्याच्या बाबतीत लाकडापेक्षाही वाईट. लातूरला एका घरी मी स्वतः उभं राहून हे काम करून घेतलं होतं, चॉकलेटी पट्ट्या, दिसायला इतकं सुंदर की शेजारचे बघायला येत होते, आणि एप्रिलमध्ये दुपारी त्या घरातली आजी कपडे काढायला अनवाणी बाहेर आली ती दोन पावलांवरून परत फिरली, दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या पट्ट्यांवर सतरंज्या अंथरलेल्या. मग ७० हजार घालून त्यावर सतरंजीच टाकायची असंल तर काय उपयोग. शिवाय पट्टी उन्हानं वाढते, म्हणून दोन पट्ट्यांत बोटाच्या अर्ध्या जाडीएवढी फट सोडावीच लागते, आणि तुम्ही तिथं कुरडया घालणार, शेवया वाळवणार, ते सगळं बारीक बारीक त्या फटीतून खाली जाणार, खाली मुंग्या, झुरळं, आणि आपल्याकडं विंचू. दीड वर्षाचं लेकरू जिथं रांगतं तिथं खाली न दिसणारी पोकळी नको. आणखी एक, दुकानात डब्ल्यूपीसी म्हणून जो गुळगुळीत हलका बोर्ड दाखवतात तो बऱ्याचदा पीव्हीसी फोमचा असतो, किचनच्या कपाटाला चांगला, उन्हापावसात घालायचा नाही. तुम्हाला ३२० मध्ये नक्की कोणता सांगितला ते विचारा, पण घेऊ मात्र नका. पोराचा अगदीच आग्रह असला तर नंतर कधीतरी दाराजवळ सावलीत चार बाय सहाचा तुकडा करा, प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेले सुटे चौकोन मिळतात, ते उचलून खालचं झाडता येतं.

काचेबद्दल थोडक्यात. कठड्याला नुसती टफन्ड काच पुरत नाही, ती फुटली की तिचे खड्यासारखे तुकडे होऊन सगळी खाली पडते आणि तिथं मोकळी कड उरते. दोन काचा मधल्या थरानं चिकटवलेली लॅमिनेटेड काच लागते, ती फुटली तरी जागेवर राहते, अन् ती महाग. त्यावर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, दर फाल्गुन-चैत्रात गारपिटीची धास्ती, आणि एखादी फुटली तर त्या मापाची काच निलंग्यात मिळणार नाही, लातूर नाहीतर सोलापूरहून आणावी लागणार. हा माझा नियमच झालाय, जी वस्तू बिघडली तर आपल्या गावातला माणूस दुरुस्त करू शकत नाही ती वस्तू गच्चीवर लावायची नाही.

आता दादांची, म्हणजे तुमच्या मालकांची, वीट. त्यांचं म्हणणं मला समजतं, वीट स्वस्त वाटते, गवंडी ओळखीचा असतो अन् चार दिवसांत काम उरकतं. पण वजन बघा. चार इंची वीट दोन्हीकडून प्लास्टर करून साडेतीन फूट उंच नेली की फुटाला ८० ते ९० किलो भरते, म्हणजे ४२ फुटांना साडेतीन टनांच्या आसपास, आणि ते सगळं स्लॅबच्या अगदी कडेवर. पोर्चचा स्लॅब कॉलमवर आहे की पुढं लोंबता काढलाय हे तुम्ही लिहिलं नाही, लोंबता असंल तर वीट अजिबात नको. आणि नुसती उभी केलेली चार इंची भिंत, जिला वर काँक्रीटचा पट्टा नाही अन् मध्ये खांब नाही, ती माणूस जोरात टेकला तरी हलते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो, औशाला. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन करून सगळे झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. पुढचे कित्येक दिवस मोठी माणसं एकच बोलायची, की माणसं भूकंपानं नाही, वरून पडलेल्या दगडामातीनं मेली. निलंगा तिथून लांब नाही, दादांनाही ते दिवस आठवत असतील, त्यांना माझ्या वतीनं एवढंच सांगा, आपल्या भागात डोक्यावर जेवढं हलकं तेवढं चांगलं. तुम्ही मातीच्या जड छताचं माळवद पाडलं तेही त्यासाठीच ना.

स्टील. फुटाला ८५० म्हणजे ३५,७०० होतात, ऐकायला बरं वाटतं, पण त्या भावात मला २०२ ग्रेडची शंका येते. कठड्याला ३०४ चांगलं, त्यात निकेल जास्त असतं म्हणून ते टिकतं, २०२ मध्ये निकेल कमी अन् मँगनीज जास्त, नवं असताना दोन्ही सारखीच चमकतात. लोक चुंबक लावून बघतात, त्यानं कळत नाही, दोन्हीला चुंबक जवळपास चिकटतच नाही. तपासायचं एक द्रावण मिळतं, थेंब टाकला की रंगावरून ग्रेड कळतो, दुकानदाराकडं असतंच, त्याला तुमच्यासमोर टाकायला लावा आणि बिलावर ३०४ लिहून मागा, खळखळ केली तर समजून जा. तसं आपल्याकडं कोकणासारखी खारी हवा नाही त्यामुळं २०२ लगेच सडत नाही, पण ॲसिडपुढं तेही टिकत नाही, आणि ते ॲसिड कुठून येतं ते पुढं सांगतो.

तर माझं मत साध्या लोखंडाला, एमएस पाईपला. वेल्डर गल्लीत आहे, दहा वर्षांनी एखादा गज सडला तर तेवढाच कापून नवा लावता येतो, रंग घरीही मारता येतो. फक्त लोखंड घेताना फुटावर कधीच घेऊ नका, किलोवरच घ्या, आणि तुम्हाला किलोवर सांगणारा भेटलाय ही चांगली गोष्ट आहे. फुटावर रेट ठरला की पाईप पातळ होत जातो. गेज उलटं असतं हे लक्षात ठेवा, आकडा वाढला की पत्रा पातळ, १६ गेज म्हणजे साधारण १.६ एमएम अन् १८ म्हणजे १.२. दीड इंची चौकोनी पाईपची २० फुटांची अख्खी लांबी १६ गेजची असंल तर ११ किलोच्या आसपास भरते, साडेआठ भरली तर ती १८ आहे. दुकानात वजनकाटा असतोच, एक लांबी काट्यावर टाकायला सांगायला लाजायचं काय कारण, पैसे आपले आहेत.

तुमच्या मापाचा हिशेब मी मांडलाय. उभे खांब दोन इंची चौकोनी, १४ गेज म्हणजे २ एमएमचे, चार ते साडेचार फुटांवर एक, कोपरे धरून ११ खांब, त्यांचं वजन ३५ किलो. वरची अन् खालची आडवी दीड इंची १६ गेज, ४२ दुणे ८४ फूट, ४७ किलो. मधले उभे गज १२ एमएमचे चौकोनी भरीव, १०५ च्या जवळपास लागतील, १०८ किलो. खालच्या प्लेटा १० ते ११ किलो. सगळं मिळून २०० किलो, १२५ नं २५,००० रुपये. विटेचे साडेतीन टन कुठं अन् हे दोन क्विंटल कुठं. कोणी याच मापाला १४० किलोत बसवतो म्हणाला तर कुठंतरी पाईप पातळ केलाय नाहीतर गज लांब लांब लावलेत, आणि ३०० किलो सांगितलं तर विनाकारण भरीव माल घालतोय.

गज उभेच लावायचे ताई, आडवे पाईप लावायचे नाहीत, हे मी हात जोडून सांगतो. उदगीरला माझ्या बहिणीकडं फॅशन म्हणून पाच आडवे पाईप लावलेले. पोळ्याच्या दिवशी खालून बैलं चाललेली, वाजंत्री, गुलाल, सगळे रस्त्याकडं बघायलेले, आणि भाचा, चार वर्षांचा, शिडी चढावी तसा एक एक पाईप चढत तिसऱ्यावर उभा, पोट वरच्या पाईपच्या बाहेर, दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवायला. बहिणीनं मागून चड्डीला धरलं. कोणी ओरडलं नाही कारण ओरडलं असतं तर तो दचकला असता. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कठड्याला आतून सपाट पत्रा मारून दिला, कुरूप दिसतो, आजही तसाच आहे. म्हणून उभे गज, दोन गजांच्या मधली मोकळी जागा चार इंचाच्या आत, लेकराचं डोकं जाईल एवढी कुठंच नको, खालच्या आडव्या पट्टीच्या खालची फटसुद्धा चार इंचाच्या आतच. मध्ये नक्षी, फुलं, गोल काही घालू नका, त्यात पाय अडकवून लेकरं चढतात. उंची साडेतीन फूट.

आता ज्यात खरा जीव आहे ते सांगतो, खांबाचा पाय. कठडा मधून तुटल्याचं मी फार कमी बघितलंय, तो पायातून उपटतो नाहीतर पायाशी सडतो. असं समजा की एक माणूस वरच्या पट्टीला ५० किलोचा धक्का देतो. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, अन् खाली प्लेट ज्या कडेवर टेकून उचलली जाते तिथून बोल्ट जेमतेम चार इंचावर. पहारीनं दगड उचकटतो तसंच हे, वर ५० किलो लावले तर खाली बोल्टवर ५०० किलोच्या वर ओढ बसते. आणि हा बोल्ट जर कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या अन् सिमेंटच्या थरात, किंवा फरशीत मारलेला असंल, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचलेलाच नसंल, तर तो निघणारच. आपल्याकडं काम असंच होतं, फरशी झाली की वेल्डर येतो, ड्रिल मारतो, अडीच इंची फास्टनर ठोकतो, त्यातले दीड इंच फरशी अन् मालात, आणि वर भोकातून पाणी खाली, दोन पावसाळ्यांत पोर्चच्या छताला ओल.

तुमची फरशी अजून झालेली नाही, म्हणून तुम्हाला हे नीट करता येईल. कडंनं तिन्ही बाजूंना सहा इंच उंच सहा इंच रुंद काँक्रीटचा कट्टा ओतून घ्या. आधी स्लॅबमध्ये ड्रिल मारून सळई चिकटवणारं केमिकल भरून १० एमएमच्या सळया उभ्या रोवायच्या, किती खोल अन् किती अंतरावर ते तुमच्या इंजिनिअरला स्लॅब दाखवून त्याच्याकडूनच ठरवून घ्या, एकदा येऊन बघायचे त्याला पैसे द्या, हे पैसे वाचवू नका. त्या सळयांत कट्ट्याच्या आडव्या सळया बांधायच्या, आणि ओतायच्या आधीच जिथं जिथं खांब येणार तिथं पाच इंची चौकोनी ८ एमएमची प्लेट, तिच्या खाली १२ एमएमच्या गजाचे चार वाकवलेले पाय वेल्ड करून, त्या सळयांत गुंतवून ठेवायची. कट्टा सुकून फरशीही झाली की प्लेटवर खांब उभा करून चारी बाजूंनी पूर्ण वेल्डिंग, नुसते टाके नाही, पूर्ण. यात बोल्टच नाही, उपटायचं काय. पाणी साचलं तरी ते खाली फरशीवर, लोखंडाचा पाय वर कट्ट्यावर कोरडा. लेकरांचा चेंडू खाली जात नाही, पाण्याची बाटली घरंगळून पोर्चमधल्या माणसाच्या डोक्यात पडत नाही. पण कट्ट्यावर लेकरू उभं राहतं, म्हणून साडेतीन फूट उंची कट्ट्याच्या माथ्यापासून मोजायची, फरशीपासून नाही. हे वेल्डरला खडूनं भिंतीवर रेघ मारून दाखवा, तोंडी सांगितलेलं विसरतात.

रंगाचं घाई करू नका. पाईपवर दुकानातलं तेल असतं, ते पुसून, वेल्डिंगची खपली फोडून, ग्राइंडर अन् तारेचा ब्रश मारून, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा, मग दोन हात ऑइल पेंट. कठडा उभा करून आठ दिवस तसाच ठेवायचा अन् मग गंजावरच रंग फासायचा हे चालू देऊ नका. खांबाचं वरचं तोंड टोपीनं बंद, आणि पायाशी बाहेरच्या बाजूला एक बारीक भोक, आत शिरलेलं पाणी निघून जायला, नाहीतर बाहेरून चकाचक अन् आतून भुगा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाईप वापरू का असं वेल्डर विचारंल, वापरला तरी चालतो, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथं जस्ताचा रंग मारावा लागतो, आणि गुळगुळीत जस्तावर साधा ऑइल पेंट धरत नाही, पापुद्रे निघतात, त्याचा प्रायमर वेगळा येतो. रंग फिका घ्या, काळा नको, हात भाजतो. आणि हो, रस्त्याकडून विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतील तर लोखंड चढवायच्या आधी महावितरणकडं अर्ज करून तारा सरकवून घ्या, हे झाल्याशिवाय वेल्डरला वर चढवू नका.

फरशी. कट्ट्याच्या आत विटांचा कोबा करून घ्या, त्याचा ढाळ घराकडून बाहेर, आठ फुटाला एक इंच, म्हणजे तुमच्या १२ फुटांना दीड इंच, आणि चार इंची पाईपची दोन तोंडं ठेवा, एकच ठेवलं तर कडुलिंबाची पानं अडकून तळं होतं. कोबा झाला, कट्ट्याच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई झाली की तोंडं बंद करून सरासरी दोन इंच पाणी ४८ तास साचवून ठेवा आणि खाली पोर्चच्या छताला हात लावून बघा. २१६ चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे साधारण १००० लिटर, एक टाकी. पाण्याची किंमत मला कळते, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आम्हीही घागरी घेऊन रांगेत होतो, पण ही एक टाकी वाचवू नका, तेच पाणी नंतर बादलीनं काढून झाडांना घाला. फरशी बसल्यावर गळती सापडली तर सगळं उकरावं लागतं.

वर काय लावायचं याला माझं उत्तर पांढरं किंवा अगदी फिकं. सगळ्यात स्वस्त चायना मोझॅक, म्हणजे टाईलचे पांढरे तुकडे, दुकानात फुटका माल पोत्यानं मिळतो, उन्हात कमी तापतं आणि रात्री लवकर निवतं, बाज टाकून झोपायला बरं. पण तुकड्यांच्या कडा लागतात, गवंडी हातानं घोटून बसवणारा नसंल तर रांगणाऱ्या लेकराचे गुडघे सोलतात. म्हणून तुमच्या घरात धाकटी आहे तर मी थोडे जास्त पैसे घालून पांढरी खरबरीत टाईल, गच्चीसाठी उष्णता कमी धरणारी म्हणून विकतात ती, लावा म्हणेन, चकचकीत व्हिट्रीफाईड नको, पहिल्या पावसात पाय घसरतो. शहाबादी आपल्याकडं शेजारून कर्नाटकातून येते, स्वस्त पडते, टिकायला दगडच तो, पण इंचभर जाडीची फरशी अन् खालचा माल धरला तर चौरस फुटाला १३ किलोच्या आसपास वजन, तुमच्या गच्चीवर पावणेतीन टन, आणि रंग करडा, दुपारी तापते. ओसरीला, अंगणाला शहाबादीसारखं काही नाही. वर नको. कोटा दगडाची फरशीही गडद, तीही नको.

फरशी झाली की गवंडी म्हणंल ॲसिडनं धुवून देतो, सिमेंटचे डाग जातात. ह्या ॲसिडनं माझं एक काम खराब झालंय. लातूरलाच, स्टीलचा कठडा आधी बसवला, आठ दिवसांनी फरशी ॲसिडनं धुतली, मी समोर उभा होतो अन् लक्षात आलं नाही, महिन्याभरात सगळ्या खांबांच्या पायाशी चॉकलेटी ठिपके, घासून जाईनात. तुमच्या लोखंडालाही तेच, रंगाच्या खाली शिरून खातं. म्हणून आधी कट्टा, मग कोबा, पाण्याची चाचणी, फरशी, धुणं, आणि सगळ्यात शेवटी खांब. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नव्या टाईलवर काळे ठिपके पडतात तेवढं सांभाळा, ओली गोणपाटं अंथरा. आणि हे सगळं सुट्टीत लेकरं यायच्या आधी म्हणून एप्रिलमध्ये काढू नका, त्या उन्हात सिमेंटला भेगा पडतात अन् क्युरिंगला, म्हणजे सिमेंट ओलं ठेवायला, पाणी नसतं. दिवाळीनंतर काढा, विहिरीला पाणी असतं, ऊन कोवळं असतं. तोपर्यंत वरच्या खोलीच्या गच्चीत उघडणाऱ्या दाराला कडी, उंचावर, लेकराचा हात पोचणार नाही अशी.

लोखंडाचे २५,००० गेले की ७५,००० उरतात, त्यात कट्टा, कोबा, टाईल, इंजिनिअरची फी आणि रंग बसायला हरकत नाही, गवंड्याकडून सगळ्याचा एकत्र रेट कागदावर लिहून घ्या. थोडं उरलं तर सावलीची जाळी, पण तिचे खांब वेगळे रोवा, कठड्याला बांधू नका, मे महिन्यातली वावटळ जाळीत शिरली की तिची सगळी ओढ कठड्यावर येते.

आणि आता तुळया. हे वाचून मला फार आनंद झाला ताई, कारण लोक माळवद पाडतात अन् सागाच्या तुळया भंगारवाल्याला मिळेल त्या भावानं देऊन टाकतात. पोराला लाकूडच पाहिजे ना, तर कठड्याची वरची पट्टी, जिथं हात टेकतो, ती त्या तुळयांची करा. लोखंड तापतं, साग एवढा तापत नाही, संध्याकाळी रेलून उभं राहायला हातालाही बरा लागतो. सॉ मिलवर नेऊन चार इंच रुंद, सव्वा इंच जाड पट्ट्या फाडून घ्या, जुना मुरलेला साग आहे, वाकडा होणार नाही. वेल्डरकडून वरच्या आडव्या पाईपवर ४० बाय ५ ची सपाट पट्टी मारून घ्या, तिला दर फुटावर लांबट भोकं, आणि खालून वर स्क्रू. भोक लांबट अशासाठी की लाकूड पावसाळ्यात फुगतं अन् उन्हाळ्यात आकसतं, त्याला सरकायला जागा पाहिजे, गोल भोकात घट्ट आवळलं तर चीर जाते. माथ्याला रंध्यानं थोडी गोलाई, पाणी थांबू नये म्हणून.

वरून पॉलिश किंवा वॉर्निश नको, आपल्या उन्हात वर्षात पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल द्या, रंगाच्या दुकानात लाकडासाठी उकळलेलं मिळतं. फडक्यानं पातळ हात, अर्ध्या तासानं जादाचं पुसून काढायचं, पहिल्या वर्षी तीन-चार वेळा, मग दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एकदा. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवा नाहीतर उघड्यावर पसरून वाळू द्या, आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सॉ मिलवर न्यायच्या आधी तुळया अंगणात काढून एक एक इंच हात फिरवून बघा, जुन्या तुळईत खिळे, कड्या, झोक्याचे आकडे रुतलेले असतात, वरून मातीनं झाकलेले. सगळे पकडीनं उपटून काढा. एक जरी राहिला तरी करवतीचं पातं जातं आणि त्याचे पैसे सॉ मिलवाला आपल्याकडूनच घेतो. झोक्याचा आकडा निघाला तर तो मात्र फेकू नका, वरच्या खोलीच्या छताला धाकटीसाठी लावता येईल का ते त्याच इंजिनिअरला विचारा.